दुसऱ्याच्या दारचा मेढा

१

दुपारी आरा मशीन जेवायला थांबली, की भागीरथा गोपिकाच्या खोलीत चहाला यायची. हा नेम इतका पक्का होता, की लकडगंजच्या त्या गल्लीत कुणाचं घड्याळ बंद पडलं तर त्याने भागीरथाच्या चपला ऐकाव्यात आणि काटे लावून घ्यावेत. सकाळपासून लाकूड कापणाऱ्या पात्याची किंकाळी सगळ्यांच्या कानात भरलेली असायची. ती थांबली की गल्लीला स्वतःचे आवाज ऐकू यायचे. कुणाची फोडणी, कुणाचं भांडण आणि पाठोपाठ भागीरथाची फटक फटक.

चहा एक कप व्हायचा आणि दोघींत व्हायचा. कप भागीरथाचा, बशी गोपिकाची. यात मानपान नव्हता. गोपिकाच्या ओठाचा डावा कोपरा मिटायचा नाही. कपाने प्यायली तर चहा हनुवटीवरून पोलक्यात उतरायचा. बशी उजवीकडे कलती धरली तर सगळा पोटात जायचा.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत खापरखेड्याच्या क्वार्टरात स्टोव्हचा भडका झाला होता. डावा गाल, कान, मान, पापणी. जीव वाचला, डाव्या कानातली मोत्याची कुडी तेवढी कुणाला सापडली नाही. उजवीकडची अजून मशीनच्या खणात पडून होती. नवरा चंपतराव वीज केंद्रात फिटर. ‘बरं वाटेपर्यंत माहेरी राहा’ म्हणून त्याने तिला भावाकडे आणून सोडलं, आणि मग बरं वाटायची वाट पाहण्यात त्याने जी चिकाटी दाखवली तिला तोड नाही. भाऊ विश्वनाथ लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, कारकून. त्याने घराच्या मागच्या अंगाला वेगळ्या दाराची खोली दिली, शिलाई मशीन घेऊन दिली. वहिनी मनकर्णाने खोलीतला आरसा काढून नेला. तोही चांगल्याच मनाने.

गल्लीतलं कुणी वाईट नव्हतं. दृष्टीआड सृष्टी, एवढंच त्यांचं धोरण. किराणावाला तिच्याशी बोलताना तराजूकडे पाहायचा. नळावर तिची कळशी आली की शेजारच्या कळश्या आपणहून बाजूला सरकायच्या. कुणी पोटुशी असली की मनकर्णाच येऊन सांगायची, “बाई, थोडे दिवस समोरच्या दारानं नका जाऊ.” गोपिका जात नसे. हळूहळू कोणत्याच दाराने जाईनाशी झाली.

रात्री ती चेहऱ्याला खोबरेल लावायची. आरसा नसला तरी चेहरा तिला बोटांनी पाठ होता. डोळ्याखाली एक कंगोरा. मग मसुरीएवढी गुळगुळीत जागा. मग ओठाकडे उतरताना तीन गाठी, आणि त्यातली तिसरी दुखरी. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

आणि मग शेजारी भागीरथा राहायला आली. उमरेडकडच्या खेड्यातली विधवा. मुलगा मारोतराव आरा मशीनवर मिस्त्री, त्याच्या संसारात ही. अंगाने आडवी, तोंडाने त्याहून. रस्त्यातली म्हैस हंबरली तरी ओ देईल अशी बाई. पहिल्या दिवशी ती सुई मागायला म्हणून थेट खोलीत शिरली. गोपिका नुकती चहा घेऊन बसली होती. तिने पदर ओढला नाही, उलट मुद्दाम खाली सोडला. माणसं लवकर निघून जावीत म्हणून ही तिची युक्ती होती.

“भीती नाही वाटत?” तिने विचारलं.

भागीरथाने तिच्याकडे पाहिलं. सवडीने, डावीकडून आणि उजवीकडून. मग ती खाली बसली.

“वाटते नं,” ती म्हणाली. “पण चहा निवून राहिला.”

२

पोळ्याच्या संध्याकाळी दाराच्या दोन्ही अंगांना पळसाच्या फांद्या लावतात, तो मेढा. घरातली इडापिडा रात्रीतून त्या पानांवर येऊन बसते म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ज्याने त्याने आपल्या दारचा मेढा उचलायचा, ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत शिवेबाहेर टाकायचा आणि घरी यायचं. तिथे बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. दिवस चढल्यावर शहरात मोठ्या मारबतींची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, ढोल वाजतात, माणसांना पाय ठेवायला जागा उरत नाही. पण त्या गल्लीतली अर्धी माणसं खेड्यातून आलेली, त्यांचं मिरवणुकीवर भागत नसे. टालीच्या मागे नागनदीच्या काठाला एक उकिरडा होता, तीच त्यांनी आपली शीव मानली होती.

गोपिकाच्या खोलीला वेगळं दार, म्हणून तिला वेगळा मेढा. विश्वनाथ तो न चुकता लावायचा. पण उचलणार कोण? घरच्यानेच उचलायचा असतो आणि त्या घरात गोपिकाशिवाय कुणी नव्हतं; ती तर दाराबाहेर पडत नसे. दरवर्षी तो दाराशी वाळून जायचा आणि एक दिवस मनकर्णा त्याचं जळण करायची.

“म्हणजे तुयी पिडा तुयाच दारात वाळून राहिली इतकी वर्षं?” भागीरथाने डोळे मोठे केले. “मी नेईन वं तुया मेढा.”

“दुसऱ्यानं नसते नेत, भागाबाई.”

“मी काय दुसरी आहो?”

इतक्या वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं आणि ते ऐकून तिला रडू आलं, हे खरं.

पहाटे तिने दाराच्या फटीतून भागीरथाचा आवाज ऐकला. खोकला, ताप, ढेकूण, डास सगळ्यांची नावं घेत बाई निघाली होती, आणि गल्लीच्या टोकाला पोचल्यावर तिने गळा काढला, “माह्या गोपीच्या तोंडावरचं घेऊन जा गे मारबत!” कुठेतरी कुणी हसलंसुद्धा.

दुपारी ती चहाला आली तेव्हा गोष्ट तयारच होती.

“अवं, तिथं एक बाई बसून होती उकिरड्यापाशी. पाठमोरी. म्हणे, कोणाचा वं? मी म्हटलं, माह्या मैत्रिणीचा. म्हणे, ठेव. पण उचलीन कोण? मी म्हटलं, मी आहो नं.”

गोपिकाच्या हातातली बशी थांबली. “तू बोलली? तिथं बोलायचं नसते नं!”

“मंग? माणूस विचारून राहिलं, अन् मी तोंडात मिठाची गुळणी धरू?”

“कोण होती?”

“काय माहीत बाप्पा. गरीब कोणी असंन, काड्या वेचणारी. तोंड काही दाखवलं नाही तिनं.” भागीरथाने कप तोंडाला लावला. “आवाज मात्र गोड होता.”

३

पहिल्यांदा पापणी मिटली.

भडक्यानंतर गोपिकाचा डावा डोळा झोपेतही अर्धा उघडा राहायचा. त्यावर ओलं फडकं टाकून ती निजायची. एका सकाळी फडकं उशीखाली गेलेलं होतं आणि डोळा मिटलेला होता. तिने तो उघडला, पुन्हा मिटला, दिवसभर मशीन चालवता चालवता उघडमीट करत राहिली. आरा मशीनचा भुसा एरवी त्या डोळ्यात जाऊन बसायचा. त्या दिवशी गेला नाही.

कुणाला सांगावं? दुपारी भागीरथा आली. गोपिकाने चहा गाळला, कप तिच्याकडे सरकवला.

“बशी मले दे आज,” भागीरथा म्हणाली.

“काहून?”

“असंच वं. गरम लागून राहिलं.”

तिने बशी घेतली, मान उजवीकडे कलती केली आणि चहा ओढला. गोपिका पाहत राहिली. मग समोर उरला होता म्हणून तिने कप उचलला. एक थेंबही सांडला नाही.

ती काही बह्याड, खुळी नव्हती, पण पापणी मिटणं आणि बशी मागणं यांची गाठ बांधायला तिचं मन तयार नव्हतं. ओठाचा कोपरा मिटेना म्हणून धर्मादाय दवाखान्यात भागीरथाला घेऊन मारोतराव गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, तोंडावरून गार हवा गेली आहे, या वयात होतं, शेक द्या. गोपिकाही धीर करून विश्वनाथाबरोबर आपलं तोंड दाखवायला गेली. तेच डॉक्टर म्हणाले, जुने व्रण वर्षांनी मऊ पडतात, नशीबवान आहात. दोन्ही उत्तरं वेगवेगळी होती आणि दोन्ही पटण्यासारखी होती. शहाण्या माणसाने तेवढ्यावर थांबावं. गोपिका थांबली.

पण रात्री तेल लावताना बोटं ओठाकडे उतरली आणि अडखळली. पहिली गाठ होती. दुसरी होती. तिसरी नव्हती. तिने कंदील जवळ घेतला, जणू उजेडात बोटांना जास्त कळणार होतं. गालावर सगळीकडे शोधलं. दुखरी गाठ गेली म्हणून कुणी घाबरतं का? गोपिकाला मात्र उजाडेपर्यंत झोप आली नाही.

४

संक्रांतीपर्यंत गालाचा ताण गेला. होळीपर्यंत कंगोरा बसला. किराणावाल्याने एक दिवस तराजूवरून नजर उचलली आणि ‘ताई, अजून काही?’ असं तिच्या तोंडाकडे पाहून विचारलं. ती घरी येऊन कितीतरी वेळ हातातली साखरेची पुडी धरून उभी होती. सुख इतकं साधं असतं, एक माणूस आपल्याकडे पाहून साखर देतो.

मनकर्णाने आरसा परत आणून लावला आणि भिंतीवरची खिळ्याची जागा अजून तशीच आहे म्हणून तिलाच बरं वाटलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गोपिकाला पुढच्या खोलीत बसवलं. बायका म्हणाल्या, कोणतं औषध, आम्हाला सांग. पी हळद अन् हो गोरी, असं तर होत नाही! गोपिका हसली. हसताना दोन्ही गाल सारखे वर गेले.

त्या हळदीकुंकवाला भागीरथा नव्हती. विधवा म्हणून तिला बोलावलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण खरं कारण वेगळं होतं. तिचा पदर आता डाव्या बाजूला खालपर्यंत ओढलेला असायचा. पदराच्या कडेखालून मानेवरची कातडी दिसायची, ताणलेली, लालसर. तिच्या सुनेने गल्लीत सांगितलं की सासूला काहीतरी जडलं आहे, लेकरं लहान आहेत, आपण काळजी घेतलेली बरी. मग भागीरथाचं ताट वेगळं झालं. मग तिचं अंथरूण मागच्या लाकडं ठेवायच्या खोलीत गेलं. तिथे खिडकी नव्हती.

आरा मशीन जेवायला थांबायची. चपलांची फटक फटक यायची नाही.

आता गोपिका तिच्याकडे जायची. चहा गाळून, किटलीत घालून न्यायची. सुरुवातीला रोज. मग कपड्यांची शिलाई वाढली म्हणून एक दिवसाआड. आणि बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण भागीरथाशी बोलतो ते भिंतीकडे पाहून. रचलेल्या फळ्यांकडे. स्वतःच्या बांगड्यांकडे. ती ठरवायची, या वेळी पाहायचं. आणि नेमकी त्याच वेळी मान दुसरीकडे वळायची. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण तिने लहानपणी शाळेत वहीत लिहिली होती. ती आपल्याविषयी असेल असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं.

भागीरथा मात्र बोलायची. आता आवाज जरा पसरट यायचा, ओठ पुरे जुळत नसल्यासारखा.

“तुये गाल भरले वं, गोपे. आवाजात समजते.”

५

उन्हाळ्यातल्या एका दुपारी भागीरथा म्हणाली, “माह्या तोंडाले तेल लावून देशीन का वं? सून लावत नाही. माह्या खांदा वर जात नाही.”

नाही कसं म्हणायचं? गोपिकाने वाटी घेतली. खोलीत दाराच्या फटीएवढाच उजेड होता आणि भागीरथा त्याच्याकडे पाठ करून बसली होती. ओल्या सागवानाचा वास कोंडलेला. बाहेर मशीन चालू झाली, पात्याने लाकूड धरलं, किंकाळी सुरू झाली.

गोपिकाने डोळे मिटून घेतले. बघायचं नव्हतंच, मग उघडे ठेवून काय करायचं? तिने बोटं तेलात बुडवली आणि पुढे केली.

बोटांना वाट माहीत होती.

डोळ्याखाली कंगोरा लागला. त्यानंतर मसुरीएवढी गुळगुळीत जागा. बोटं तिथे क्षणभर थांबली, जशी इतकी वर्षं रोज रात्री थांबत आली होती, आणि मग सवयीने ओठाकडे उतरली. पहिली गाठ. दुसरी.

“तिसरीपाशी हळू,” भागीरथा म्हणाली. “दुखते.”

तेलाची वाटी कुठे पडली ते गोपिकाला कळलं नाही. ती अंगणात आली, मग स्वतःच्या खोलीत, आणि दाराला कडी लावून आरशासमोर उभी राहिली. आरशातली बाई सुरेख होती. डावा कान तेवढा अजून आकसलेला होता, पाळी नसलेला. बाकी सगळं होतं तसं.

मनात वकील उभे राहिले. भाजल्याच्या गाठी सगळ्यांच्या सारख्याच असतील. भागीरथा भाजली नव्हती हे खरं; पण कोण जाणे, सुनेने काही लपवलं असेल. तीन गाठींचं आपणच कधी बोलून गेलो असू. गोपिकाने आठवून पाहिलं. ती बोलली नव्हती.

आणि सगळ्यांत वाईट गोष्ट वेगळीच होती. आरशासमोर उभी असताना तिच्या मनात एक विचार येऊन गेला होता: कान उरला आहे, तोही पोळ्यापर्यंत होईल.

तिला स्वतःची शिसारी आली.

६

बातमी खापरखेड्याला कुणी नेली, देव जाणे. पोळ्याच्या आधी चंपतराव आला. टेरिलिनचा सदरा, मनगटावर घड्याळ, कपाळावरचे केस मागे गेलेले. विश्वनाथाने त्याला खुर्ची दिली. त्याने गोपिकाकडे सरळ पाहिलं, आणि ती ज्या नजरेसाठी इतकी वर्षं झुरली होती ती नजर अखेर तिच्या चेहऱ्यावर येऊन टेकली.

“चाल आता घरी,” तो म्हणाला. “क्वार्टरात नळ आला. मागच्या अंगणात जांबाचं झाड लावलं मी. पोळ्याची सुट्टी आहे, दुसऱ्या दिवशी, पाडव्याले, सकाळी रिक्षा घेऊन येतो.”

तिला जायचं होतं. उगाच खोटं कशाला सांगा? स्वतःचं घर, स्वतःची चूल, दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं. रात्री कुणीतरी शेजारी घोरत असणं. हे सगळं तिला हवं होतं आणि ते आता हाताशी आलं होतं.

“अन् परत असं झालं तर?” तिने विचारलं.

“कसं?”

“तोंडाचं.”

चंपतरावाने मनगट वर घेतलं आणि घड्याळाला चावी द्यायला लागला. “अशुभ कायले बोलून राहिली तू,” तो घड्याळाला म्हणाला.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल सजून गेले, आरा मशीन बंद होती, गल्लीत पुरणाचा वास होता. भागीरथाच्या सुनेने पुढच्या दाराला मेढा लावला. मागच्या लाकडाच्या खोलीला कुणी लावला नव्हता. गोपिकाने विश्वनाथाकडून दोन फांद्या जास्तीच्या मागून घेतल्या आणि अंधार पडता पडता त्या दाराच्या दोन बाजूंना नेऊन टेकवल्या.

आतून आवाज आला, “कोण वं?”

गोपिकाने दुसरी फांदी सरळ केली.

“गोपे? तुया मेढा ठेवजो दाराशी. पहाटे नेईन मी. कानाचं राहिलं नं?”

पळसाची पानं हलत नव्हती. गोपिका दाराशी उभी राहून तोंडावर हात दाबून रडली आणि आवाज होऊ नये म्हणून स्वतःच्या तळव्याला चावली.

७

पहाटे ती भागीरथाच्या आधी उठली. तिच्या खोलीच्या दारचा मेढा उचलला. इतक्या वर्षांत ती गल्लीच्या टोकापलीकडे एकटी गेली नव्हती. वाटेवर दोघंतिघं परतत होते, त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. परतणाऱ्याने पाहायचं नसतंच. टालीवरचे ओंडके एकावर एक निजले होते. पायाखाली भुसा असल्याने तिची पावलं तिला ऐकू येत नव्हती आणि याच गोष्टीचा तिला जास्त त्रास होत होता.

नागनदीच्या काठाला उकिरड्यावर पळसाचा ढीग पडला होता. त्याच्यापाशी एक बाई बसली होती. पाठमोरी.

काड्या वेचणारी असेल. वेडी असेल. मेढा फेकावा, तोंडातून शब्द काढू नये, मागे वळून पाहू नये. नियम किती सोपा होता! घरी जावं, पातळ बदलावं, रिक्षात बसावं. भागीरथाचं वय झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हवा लागली. जगात असंच तर चालतं.

“कोणाचा वं?” बाईने विचारलं.

आवाज खरोखरच गोड होता. भागीरथाने काय म्हणून उत्तर दिलं असेल ते गोपिकाला कळलं. त्या आवाजाला उत्तर न देणं माणसाला जड होतं. आणि आणखी एक गोष्ट तिला जाणवली. तो आवाज तिने ऐकलेला होता. कुठे, ते मात्र आठवेना.

“भागीरथाच्या दारचा,” ती म्हणाली. “पण तिचं नाही ते. माह्यं आहे. मले वापस द्या.”

बाई थोडी हसली असावी. खांदे हलले. “वापस कोणी मागत नाही वं.”

“मी मागून राहिली.”

“मंग आण.”

बाईने मागे न पाहता हात मागे केला. गोपिकाने मेढा त्या हातात दिला. बोटं तरुण होती, त्यांना हळदीचा वास होता, नव्या नवरीच्या हातांना असतो तसा. मेढा घेताना बाईची मान जराशी वळली आणि पदराच्या कडेतून गालाची कोर दिसली. डावा गाल. नितळ, कुठे एक डाग नाही. त्याच्या वर कान, आणि कानात मोत्याची कुडी.

गोपिकाने त्यापुढे पाहिलं नाही. बाई अजून वळतच होती. गोपिका फिरली आणि चालू लागली, पळाली नाही, कारण पळालं की माणूस मागे पाहतं. तेवढ्यात पाठीमागून तोच गोड आवाज आला.

“पण तिचं उतरंन, असं कोणी सांगितलं तुले?”

गोपिकाचे पाय थांबले. विचारायचं होतं, भांडायचं होतं. पण विचारायला वळावं लागलं असतं. ती पुन्हा चालू लागली. टालीपाशी वाऱ्याने भुसा उडवला आणि तो तिच्या डाव्या डोळ्यात गेला. तिने पापणी मिटायचा प्रयत्न केला.

८

उजाडल्यावर तिने आरशाकडे न पाहता चहा टाकला, किटलीत गाळला आणि कपबशी घेऊन भागीरथाच्या खोलीत गेली. पुढच्या अंगणात रिक्षा येऊन थांबल्याचा आवाज आला होता. चंपतराव विश्वनाथाशी बोलत होता. त्याला सामोरं न जाता ती मागच्या बाजूने गेली.

या खेपेला तिने दार पुरतं उघडं ठेवलं. उजेड थेट आत पडला.

भागीरथा पदर ओढून भिंतीशी बसली होती. “माह्या दारचा मेढा कोणं नेला वं?”

“मी.”

“बोलली तर नाही नं तिथं कोणाशी?”

गोपिका तिच्यासमोर खाली बसली. कप भरला, तिच्याकडे सरकवला आणि बशी स्वतःजवळ ओढली.

“बशी मले लागते,” ती म्हणाली.

भागीरथाने कप तसाच परत सरकवला. मग पदराआडून तो पसरट आवाज आला, रडका आणि रागीट. “बह्याड पोरी. मंग मी कशात पिऊ?”

गोपिकाने हात पुढे केला आणि तिचा पदर मागे सारला. मान वळू दिली नाही. भिंतीकडे नाही, फळ्यांकडे नाही. तिने समोर पाहिलं. सवडीने, डावीकडून आणि उजवीकडून. जो चेहरा ती इतकी वर्षं नुसत्या बोटांनी ओळखत होती, तो तिने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

“भीती वाटते का वं?” भागीरथाने विचारलं.

“वाटते नं,” गोपिका म्हणाली. “पण चहा निवून राहिला.”

अंगणात चंपतरावाने तिला हाक मारली. कुणीतरी मागच्या बाजूला डोकावलं, दारापर्यंत आलं आणि बोलता बोलता थांबलं. थोड्या वेळाने रिक्षाची घंटा वाजली. मग ती गल्लीच्या टोकाकडे ऐकू आली आणि नंतर मिरवणुकीच्या ढोलात बुडून गेली.

बशी एकच होती. पहिला घोट भागीरथाने घेतला आणि बशी पुढे केली. गोपिकाने ती उजवीकडे कलती धरली.